काशीला सोडलेलं केळं

आमच्या घरात ओव्हन आला तेव्हा त्यात एकदाच केक झाला, नातीच्या वाढदिवसाला. तो मधे कच्चा राहिला. त्यानंतर दोन वर्षं मी त्या ओव्हनमध्ये पापडाचा डबा आणि जास्तीच्या ताटल्या ठेवत होते. दाराला काच असल्यानं आत काय आहे ते दिसायचं. कपाट म्हणून चांगला होता.

मग नातीच्या शाळेतून चिठ्ठी आली. डब्यात बिस्किट नको, चिप्स नको, पाकिटातलं काहीच नको, साखर कमी. नात पहिलीत आहे आणि तिला गोड लागतंच. पोळीभाजीचा डबा ती न उघडता परत आणायची. सून बँकेत जाते, सकाळी साडेनऊला घराबाहेर पडते. तिनं फोनवर एका बाईचा व्हिडिओ दाखवला. केळ्याच्या चकत्या, त्यांना तुपाचा हात, आणि ओव्हनमध्ये भाजलेल्या. साखर नाही, मैदा नाही, तळणही नाही.

"आई, हे तुम्हाला जमेल," सून म्हणाली.

"चकत्या कापायला काय जमायचंय," मी म्हणाले आणि पापडाचा डबा बाहेर काढला.

जमलं नाही. पहिल्यांदा मी घरात होती तीच नेहमीची पिवळी केळी घेतली. अर्ध्या तासानं दार उघडलं तर ट्रेमध्ये शिकरण झालेली, नुसतं दूध घालायचं बाकी. दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला आणि भाजीची कच्ची केळी आणली. त्यांची लाकडं झाली. नातीनं एक चकती तोंडात घातली आणि काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी म्हणाले, चौथी शिकलेली बाई फोनमधून शिकायला गेली की असंच होणार. तर मुलगा म्हणाला, "एम.ए. झालेल्या बाईचा केकसुद्धा कच्चाच होता." सून त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

गारखेड्यात आमच्या गल्लीत रोज सकाळी फळांचा गाडा येतो. गाडेवाला माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल, पण सगळी गल्ली त्याला चाचा म्हणते म्हणून मीही म्हणते. तो मला अम्मा म्हणतो. त्याला मी दोन्ही वेळचं सांगितलं.

"अम्मा, ये केला तो नरम है. इसको भूनोगे तो हलवाच बनेगा," तो म्हणाला. "तुमको नेंद्रन होना. दवाखाने की केरलावाली सिस्टर लोगां लेते. कल लाता मैं."

दुसऱ्या दिवशी त्यानं आणली ती केळी वीतभरापेक्षा लांब, जाड सालीची, अंगाला कंगोरे असलेली. मी तिथंच एक सोलायला गेले.

"अब्बी नक्को, अम्मा. छिलका काला पडने देव. पूरा काला. तुम बोलेंगे ना सड गया करके, तब काटो."

मी ती केळी खिडकीत ठेवली. पाचव्या दिवशी साल काळी पडली. सून म्हणाली, "आई, ही टाकून देऊ का?" मी म्हणाले, हात लावू नको. सोलली तर आत गर पिवळाधमक आणि घट्ट, सुरीला नीट लागणारा. तिरक्या चकत्या कापल्या, बोटाच्या पेराएवढ्या जाड. ट्रेवर लोणीकागद, चकत्यांना तुपाचा हात, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. वीस मिनिटं एका बाजूनं, उलटून दहा मिनिटं दुसऱ्या बाजूनं. कडा तपकिरी झाल्या आणि केळ्यातलीच साखर बाहेर येऊन कडेला चिकटली. नातीनं चार खाल्ल्या. पाचवी मागितली तेव्हा मी डबा बंद केला. साखर घातली नाही म्हणून ते गोड नाही असं नसतं.

हे चालू होतं तेव्हा वन्सं आमच्याकडे होत्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या मालकांची थोरली बहीण. माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली, वन्संचे त्याच्याही आधी गेले. त्या पैठणला एकट्या राहतात. शेजारी हातमाग आहे, तिथं पैठणी विणतात. त्यांना वन्सं बसल्या जागी रेशीम गुंडाळून कांड्या भरून देतात. आषाढात त्यांना ताप आला. पंधरा दिवस उतरला नाही. त्यांचा मुलगा पुण्याहून आला, दवाखान्यात ठेवलं, ताप गेला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. पुण्याला जायला त्या तयार होईनात, म्हणून मुलानं त्यांना आमच्याकडे आणून सोडलं.

आल्या तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. पेज दोन चमचे. वरण एक चमचा. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली तर म्हणायच्या, "वहिनी, हे माती हाय का कागद, मला कळंना गेलंय." डॉक्टर म्हणाले, औषध देऊन झालं, आता जेवण हेच औषध. आणि पुण्याच्या मुलानं फोनवर आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की दिवाळीपर्यंत आई हिंडूफिरू लागली तर ठीक, नाहीतर तो पैठणच्या घराला कुलूप लावणार आणि तिला कायमची पुण्याला नेणार. त्याचं काही चुकत नव्हतं. अशा अवस्थेतल्या बाईला एकटी कोण ठेवेल. शेवटी माझ्या मुलानं आणि त्यानं मिळून ठरवलं, कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत कुणाचा हात न धरता जाऊन आली की पैठणला सोडायचं.

"पुण्याला चौथ्या मजल्यावर बसून काय करू?" वन्सं मला म्हणाल्या. "खालच्या गाड्या बघू? तिथं मला कोण कांड्या देणार हाय?"

"मग खा ना," मी म्हणाले.

"खायचं काय म्हणून? चव लागंना तर."

मारुती आमच्या दारापासून सत्तर पावलं असेल. वन्सं आमच्या फाटकापर्यंत जायच्या आणि फाटक धरून उभ्या राहायच्या.

चकत्या जमल्या त्या दिवशी नातीनं उरलेल्या चकत्यांची ताटली बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली, वन्संच्या पलंगाशेजारी स्टुलावर. मी ओट्यापाशी होते. बाहेर आले तर वन्संनी एक चकती उचलून तोंडात घातलेली. चावत होत्या. महिनाभर मी त्यांना गिळताना बघितलं होतं, चावताना नाही.

"रताळं लई गोड निघालंय," त्या म्हणाल्या. "गोड कळायलंय मला. आणखी हाय का?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं, कारण त्याच वेळी मला काशी आठवली.

तीस वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही जोडपी यात्रेच्या बसनं काशीला गेलो होतो. तिथं गेलं की आपल्या आवडीचं एक फळ नाहीतर भाजी गंगेत सोडायची असते, आणि ते मग जन्मभर खायचं नसतं. माणसं काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मालकांनी कारलं सोडलं, जे त्यांनी कधी ताटात घेतलं नव्हतं. वन्संच्या मालकांनी दोडका सोडला. मी फणस सोडला. आमच्याकडे फणस पिकत नाही, आणि तेव्हा बाजारातही यायचा नाही. पंड्यानं वन्संना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, केळं. त्यांच्या सासरी गोदावरीकाठी केळीची बाग होती आणि वन्संना केळ्यावाचून दिवस जायचा नाही. त्यांचे मालक म्हणाले, "अगं, घरात घड लटकत असतात, काय सोडतीस?" त्या म्हणाल्या, "मग काय दोडका सोडू?"

त्यानंतर त्यांनी केळं तोंडाला लावलं नाही. घरच्या बागेचे घड त्यांनी लोकांना वाटले. एकादशीला त्या शेंगदाण्यांवर राहायच्या. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात केळं असतं, म्हणून प्रसाद हातात घ्यायच्या, डोळ्यांना लावायच्या आणि शेजारच्या बाईच्या हातावर ठेवायच्या. तीस वर्षं मी हे बघत आले.

आणि आता त्या मला आणखी आहे का विचारत होत्या.

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. भाच्याच्या लग्नात वरण आंबलंय हे मी व्याह्यांना पंगतीत सांगितलं होतं. लोकांना माझा राग येतो, येऊ दे. पण त्या दिवशी मी आत गेले आणि आणखी तीन चकत्या आणून त्यांच्या ताटलीत ठेवल्या. त्यांनी तिन्ही खाल्ल्या. वर तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि झोपल्या.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्यांना माहीत नाही ना? मग खाऊ द्या. जीव महत्त्वाचा."

"तुला काय जातंय म्हणायला. सोडलंय त्यांनी."

"मग सांगा त्यांना."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजल्या.

त्यानंतर तीन आठवडे मी माझ्याच घरात चोरासारखी वागले. केळी खिडकीतून काढून कोठीतल्या पिशवीत ठेवली. साली वर्तमानपत्रात गुंडाळून सकाळी गल्लीच्या टोकाला गाईला घालून यायचे. वन्संना फाटकातून साली दिसायला नकोत म्हणून कचऱ्याच्या गाडीतही टाकत नव्हते. नातीला सांगितलं, पैठणच्या आजीसमोर याला रताळं म्हणायचं. ती म्हणाली, "पण रताळं नाहीये ते." मी म्हणाले, माहीत आहे. ती म्हणाली, "मग खोटं का बोलायचं?" मी म्हणाले, गप बस आणि दप्तर भर. एकदा वन्संसमोर तिनं माझ्याकडे बघत बघत "आजी, मला अजून एक रताळं दे" असं इतकं सावकाश म्हटलं की मी लगेच चकती तिच्या तोंडात कोंबली. वन्संना काही कळलं नाही. नाकाला वास अजून नव्हता, आणि हे केळं भाजल्यावर दिसायलाही रताळ्यासारखंच दिसतं.

पण त्या खाऊ लागल्या. आधी नुसत्या चकत्या, मग चकत्यांबरोबर वाटीभर दूध, मग त्याच्याआधी थोडं वरण-भात. तोंडाला लाळ सुटली की बाकीचंही जातं. बांगड्या मनगटावर आल्या. पितृपक्षात त्या फाटकाच्या बाहेर चार घरं ओलांडून जाऊ लागल्या. मी मागून चालत जायचे तर म्हणायच्या, "माग माग येऊ नको, मी काय शेळी हाय?" एक दिवस माझ्या मुलानं फोनवर पुण्याला कळवलं की आत्या अर्ध्या गल्लीत जाऊन आली. वन्संनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "कुलूप तुझ्यापाशीच ठिव, तुझ्याच घराला लाव."

मला बरं वाटत होतं आणि वाटत नव्हतं. त्या झोपलेल्या असल्या की मी त्यांच्याकडे बघायचे. त्यांनी आयुष्यात दुसरं काही मोठं केलं नाही. देवळं बांधली नाहीत, दानधर्माला पैसा नव्हता. एक केळं सोडलं होतं ते मात्र खरं सोडलं होतं. आणि मी रोज सकाळी त्याला तुपाचा हात लावून ओव्हनमध्ये घालत होते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी वन्सं मारुतीला जाऊन आल्या. एकट्या. कपाळाला शेंदूर लावून आल्या, म्हणजे अर्ध्या वाटेतून परत फिरल्या नव्हत्या हे कळावं. पायरीवर बसल्या. मी शेंगा फोडत होते.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता दसरा झाला की सोडा मला."

"सोडू."

"पर जायच्या आधी मला ते रताळ्याचं शिकव. तिकडं ओव्हन नाय, तव्यावर होईल का? आन् रताळं कुठलं आणतीस ते सांग. आमच्या बाजारातलं एवढं गोड नसतंय. मागावरच्या बायांनाबी करून घालीन. म्हणीन, माझ्या वहिनीनं ह्याच्यावर मला उभी केली."

मी हातातली शेंग खाली ठेवली. त्या तिकडे जाऊन बाजारभर तसं रताळं शोधत हिंडल्या असत्या. माझं नाव घेऊन.

"वन्सं, ते रताळं नाही. केळं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"तुला ध्यानात नव्हतं?"

"तुम्ही पहिला घास घेतला तेव्हा आठवलं. नंतरचे सगळे मी जाणून दिले."

त्या उठल्या. भिंतीला हात न लावता उठल्या, हे मी तेव्हाही बघितलं. अंगणातल्या नळापाशी गेल्या आणि चुळा भरल्या. खूप वेळ भरल्या. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडल्या.

दुपारी जेवल्या नाहीत. संध्याकाळीही नाही. ताट नेऊन ठेवलं ते तसंच परत आणलं. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. सुनेशी बोलत होत्या, तेही पाणी दे एवढंच.

"आई, अजून दहा दिवस थांबला असतात," सून स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली. "त्या पैठणला पोचल्या असत्या. रविवारी पुण्याहून येणार आहेत ते बघायला. अशा न जेवता पडलेल्या बघितल्या तर घेऊनच जातील."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय. शिकव म्हणाल्या त्या. काय शिकवू?"

सुनेनं वन्संचं ताट झाकून ठेवलं. शुक्रवार होता तो. रविवारपर्यंत त्या अशाच राहिल्या असत्या तर त्यांचं घर मी बंद केलं असतं, दुसऱ्या कुणी नाही.

शनिवारी सकाळी घट बसवला, दिवा लावला. वन्संनी आतून हाक मारली. "वहिनी, इकडं ये. बस."

मी पलंगाच्या कडेला बसले. त्या उठून बसल्या होत्या, वेणी घातलेली होती.

"मी इचार केलाय," त्या म्हणाल्या. "मी रताळं म्हणून खाल्लं. माझ्याकडनं काय मोडलेलं नाय. तू केळं म्हणून दिलंस. तर हे तुझ्याकडं लागतंय."

"लागू द्या."

"लागू द्या म्हणून भागत नाय. काशीला तू काय सोडलंतंस?"

"फणस."

"तवा फणस बघितला तरी होतास का कधी?"

"चित्रात."

"मंग. पंड्याला फसवलंस, गंगेला फसवलंस, आता मला. तिघांचं एकदम फेड. खरं कायतरी सोड."

मी विचार केला. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. "पेरू सोडते," मी म्हणाले.

"कवळी बसवल्यापासून पेरू चावतोय तुला?"

"मोसंबी."

"मोसंबीनं तुला खोकला हुतोय. तूच सांगत असतीस."

"अंजीर सोडते. अंजीर मला आवडतं."

"आवडतंय," वन्सं म्हणाल्या. "सीताफळाएवढं नाय."

माझं माहेर दौलताबादच्या डोंगराकडे आहे. आमच्या बांधावर सीताफळाची सात झाडं होती. नवरात्र ते दिवाळी आम्ही भावंडं दुसरं काही जेवायचो नाही. लग्न झालं, शहरात आले, म्हातारी झाले, तरी दरवर्षी चाचाच्या गाड्यावरून मी पाटीभर घेते आणि एका बैठकीत पाच-सहा खाते. बिया ताटलीत टाकायचा आवाज आला की घरातले म्हणतात, आई बसल्या. या वर्षीची पहिली सीताफळं दोन दिवसांपूर्वी आली होती. चार तांदळाच्या डब्यात पिकायला घातली होती आणि त्यातली दोन त्या सकाळी मऊ लागली होती.

"डब्यातली चार खाते आणि मग सोडते," मी म्हणाले.

"नाय. ती नातीला दे."

"वन्सं, तुम्ही माझ्यावर सूड उगवताय."

"व्हय," त्या म्हणाल्या. "थोडा."

मग पाय खाली सोडून त्या चपला शोधू लागल्या. "भाकर टाक आता. शेंगदाण्याची चटणी कर, तिखट कर. काल दिवसभर पोटात नुसतं पाणी हाय."

"चव लागते का?"

"चव आलीय ती आलीय. ती काय केळ्याची बांधील हाय का?"

त्या सव्वा भाकरी जेवल्या. मी पिठाच्या हातानं उभी राहून बघत होते तर म्हणाल्या, "बघत काय उभी ऱ्हायलीस, चटणीत मीठ कमी हाय." रविवारी त्यांचा मुलगा आला. वन्सं त्याच्यासमोर मारुतीपर्यंत गेल्या आणि नारळ वाढवून आल्या. त्यानं त्यांना दोनदा विचारलं, नक्की राहशील का एकटी. दुसऱ्यांदा त्यांनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी त्यांना सोडायला निघाले. सकाळी चाचा आला. गाड्यावर अर्ध्या भागात सीताफळंच होती. डोळे उघडलेली, दोन दिवसांत पिकणारी. मी एक उचललं.

"एकच? अम्मा, तबियत ठीक है ना?"

"खाण्यासाठी नाही. सोडायला न्यायचंय, पैठणला."

त्याला ते कळलं. "तो अच्छा वाला लेव," तो म्हणाला. मी घेतलेलं त्यानं परत ठेवलं आणि खालून दुसरं मोठं काढून दिलं.

एसटीत वन्संनी खिडकी घेतली. त्यांच्या मांडीवर पिशवी, माझ्या मांडीवर सीताफळ. पैठणला आधी त्यांचं घर उघडलं. दोन महिने बंद घर, धूळ, कोळ्याची जाळी. मी झाडलं, त्यांनी गॅस पेटतो का ते बघितलं. मागावरची बाई आली, त्यांना बघून म्हणाली, "काकू, आलात व्हय, आमचं रेशीम अडलंय हो." तिनं लाल रेशमाची लड तिथंच ठेवली. वन्संनी ती उचलून डोळ्यांजवळ नेली आणि गाठ दिसली तशी नखानं सोडवायला लागल्या.

दुपारी आम्ही घाटावर गेलो. पैठणला दक्षिण काशी म्हणतात, त्यामुळे इथं सोडलेलं चालतं असं वन्संचं म्हणणं. धरणातून पाणी सोडलेलं होतं, पायऱ्यांना लागून वाहत होतं. मी दोन पायऱ्या उतरले.

"म्हण," वरून वन्सं म्हणाल्या.

"काय म्हणू?"

"सोडलं म्हण. आन् वास घेऊ नको त्याचा आता."

मी वास घेत होते ते त्यांना वरून दिसलं. मी म्हणाले, सोडलं. आणि सीताफळ पाण्यात टाकलं. ते बुडून वर आलं आणि घाटाला धरून थोडं पुढं गेलं. मला काही विशेष वाटलं नाही. एक चांगलं फळ वाया गेलं असं वाटलं, आणि गुडघ्यांना दोन पायऱ्या चढायला त्रास झाला. वन्संनी वर यायला हात दिला. दोन महिन्यांपूर्वी तो हात फाटक धरून उभा असायचा.

"झालं का आता?" मी विचारलं.

"झालं."

"परत तुमची तशी अवस्था झाली तर?"

"तर इचारून दे," वन्सं म्हणाल्या. "मी नाय म्हणीन. मंग तू तुझं बघ."

मी परतीची चारची एसटी धरली. शेजारी एक बाई बसली होती, पन्नाशीची, मांडीवर पोतडी. गाडी सुटली आणि तिनं पोतडीतून एक सीताफळ काढलं, अंगठ्यांनी दाबून दोन भाग केले. वास सगळ्या सीटवर पसरला. अर्धं तिनं माझ्यापुढे धरलं.

"घ्या मावशी. आमच्या शेतातलं हाय."

"नको."

"घ्या हो, लई गोड हाय."

"मी खात नाही. सोडलंय."

तिनं हात मागे घेतला. मग बी तोंडात फिरवत आदरानं विचारलं, "किती वर्षं झाली?"

"दुपारपासून," मी म्हणाले.